'गॉली', 'शक्स', 'होली काउ': अमेरिकी छापील मजकुरातले साधेभोळे उद्गार वाचताना आणि मराठीत आणताना

एका रविवार पुरवणीसाठी अमेरिकी लेखांचे अनुवाद करायला लागलो, तेव्हा पहिल्या तीन महिन्यांत मी दोनदा तोंडावर आपटलो. एक लेख दुधाच्या वाढत्या भावावर होता आणि मथळ्यात होतं 'होली काउ'. मी इमानेइतबारे 'पवित्र गाय' लिहून मोकळा झालो. पुरवणी बघणाऱ्या बाईंचा फोन आला, "अहो, तिकडे विस्कॉन्सिनात गाईला हळदकुंकू वाहतात का?" ती चूक छापण्याआधी सापडली. दुसरी नाही सापडली. बर्फ वेळेवर न उपसणाऱ्या एका गावच्या नगरपालिकेबद्दल स्तंभलेखकाने 'हेकुवा जॉब' (म्हणजे 'हेक ऑफ अ जॉब') असं म्हटलं होतं. मी लिहिलं, 'नगरपालिकेने जबरदस्त काम केलं.' तसंच छापून आलं. पुढच्या आठवड्यात न्यू जर्सीच्या एका वाचकाचं पत्र हजर: "लेखकाने ज्यांना जोड्याने मारलंय त्यांना तुम्ही हार घातलात."

त्या दिवसापासून मी वही ठेवली. असा उद्गार दिसला की लेखाचा प्रकार, कोणाच्या तोंडी आहे, पुढे कोणतं विरामचिन्ह आहे, हे सगळं टिपायचं. खाली जे लिहिलंय ते त्या वहीतलं आहे. तुम्ही अनुवाद करत असाल, तिकडे शिकायला गेला असाल, किंवा नुसतेच हौसेने अमेरिकी मासिकं वाचत असाल, तरी उपयोगी पडेल.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ती कळायला मला दोन वर्षं लागली. 'गावाकडचा उद्गार' म्हटलं की मराठी माणसाच्या डोक्यात 'आयला', 'च्यायला' येतं. म्हणजे रांगडं, थोडं तिखट. अमेरिकेत उलट आहे. तिथला गावाकडचा उद्गार बहुतेक वेळा सोवळा असतो. रविवारी चर्चला जाणाऱ्या, पोरांसमोर शिवी न देणाऱ्या माणसाचा. हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या चुका आपोआप टळतात.

जवळ काय ठेवायचं

फार काही लागत नाही. मेरियम-वेबस्टरचा शब्दकोश, तो फुकट पाहता येतो. जुन्या बोलभाषेसाठी ग्रीनचा स्लँगकोश. 'डिक्शनरी ऑफ अमेरिकन रीजनल इंग्लिश' हा प्रादेशिक बोलींचा कोश कुठल्या वाचनालयात मिळाला तर सोडू नका. त्यासाठी १९६५ ते १९७० या काळात माणसं गाड्या घेऊन १,००२ गावांत फिरली आणि लोकांना प्रश्न विचारत बसली. पहिला खंड १९८५ला आला, शेवटच्या अक्षरापर्यंत पोचायला २०१२ उजाडलं. आपल्याकडे वऱ्हाडी, मालवणी, अहिराणीचं असं एकत्र काम झालं असतं तर, असं तो चाळताना दरवेळी मनात येतं.

जुनी वर्तमानपत्रं बघायला लायब्ररी ऑफ काँग्रेसचा 'क्रॉनिकलिंग अमेरिका' हा मोफत संग्रह आहे. शब्द आज कुठे वापरतात हे पाहायचं तर 'कोका' नावाचा भाषासंग्रह. त्यात बोलणं, कथा, मासिकं, वर्तमानपत्रं वेगवेगळी करून शोधता येतात. आणि एक वही.

१. आधी ठरवा, तोंड कोणाचं आहे

उद्गार दिसला की लगेच अर्थ शोधायला धावू नका. तो कोण म्हणतंय ते बघा. छापील मजकुरात अशी चार तोंडं असतात.

पहिलं, अवतरणातलं. बातमीदाराने शेतकऱ्याचं किंवा आजीबाईंचं बोलणं जसंच्या तसं दिलेलं. हा उद्गार खरा असतो, त्यात खोच शोधू नका. मात्र एक प्रश्न विचारा: एवढ्या बोलण्यातून बातमीदाराने नेमकं 'वेल, गॉली' एवढंच का उचललं? व्यक्तिचित्रात ते बहुधा 'हा माणूस बघा किती साधा' हे न म्हणता सांगण्यासाठी असतं.

दुसरं तोंड स्तंभलेखकाचं. इथे उद्गार मुद्दाम घातलेला असतो, टोपी घालावी तसा. लेखक न्यूयॉर्कात बसलेला, मोठ्या विद्यापीठात शिकलेला, आणि वाक्याची सुरुवात 'हेक' म्हणून करतो. या 'हेक'चा आश्चर्याशी काडीचा संबंध नाही. 'इतकंच काय, अहो' असा त्याचा अर्थ. आधी दोन उदाहरणं दिलेली असतात, 'हेक'नंतर तिसरं आणि सगळ्यात टोकाचं येतं.

तिसरं तोंड मथळ्याचं. तिथे उद्गार म्हणजे बहुतेक वेळा कोटी असते. गाय, दूध, बीफ, चामडं यांपैकी काहीही बातमीत असलं की 'होली काउ' मथळ्यात शिरलाच म्हणून समजा. माझ्या दुधाच्या लेखात तेच झालं होतं.

चौथं तोंड बातमीच्या निवेदनाचं. तिथे उद्गार जवळजवळ नसतोच, आणि दिसला तर संपादकाच्या नजरेतून निसटला असं धरायला हरकत नाही.

सापळा: काही शब्द उद्गार आहेत हेच पटकन कळत नाही. वाक्याच्या सुरुवातीचा 'व्हाय' आणि लगेच स्वल्पविराम, हा 'का?' नव्हे. तो 'अहो' आहे. तसाच 'बॉय' म्हणजे मुलगा नाही, 'से' म्हणजे सांग नाही, 'शूट' म्हणजे गोळी झाड नाही, 'ब्रदर' म्हणजे भाऊ नाही. आणि 'हॉट डॉग!' असं कोणी आनंदाने ओरडलं तर त्याला भूक लागलेली नाही. हे सगळे नुसते हुंकार. स्वल्पविराम नीट बघा, तो वाचवतो.

२. खालची शपथ ओळखा

देवाचं नाव उगाच घेऊ नये ही बायबलातल्या दहा आज्ञांपैकी एक. ती पाळायची, पण पायावर हातोडा पडल्यावर काहीतरी तर म्हणायला हवं. मग शब्दाचं पहिलं अक्षर ठेवून पुढचं बदलायचं. गॉडचं झालं 'गॉश', 'गॉली'. जीझसचं झालं 'जी', 'जीझ', 'जी-व्हिझ'. डॅमचं 'डार्न' आणि 'डँग'. हेलचं 'हेक'. नरकयातनांचा डॅम्नेशन झाला 'टार्नेशन'. 'डॉगॉन' आणि 'डॅडगमिट' यांच्या खालीही देवाच्या नावाने दिलेली शिवीच दडली आहे. 'शक्स' मात्र साधा, तो मक्याच्या सालपटावरून आला असं मानतात. म्हणजे कवडीमोलाची गोष्ट.

आपल्याला हे नवीन नाही. 'हात्तिच्या' म्हणताना पुढे कोणाची आई येणार होती हे म्हणणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसतं. शाळेच्या बाई वर्गात 'हात्तिच्या' म्हणतात, कोणी दचकत नाही. 'गॉली'चं तसंच आहे.

आता हे छापील जगात एवढं का माजलं? कारण वर्तमानपत्र घरात येणार, पोरंबाळं वाचणार. मोठी अमेरिकी वर्तमानपत्रं आजही शिवी छापायला नाखूश असतात. सिनेमांवर तर १९३०मध्ये नियमावली आली आणि १९३४पासून ती कडक लागू झाली. देवाचं नाव, नरक, 'डॅम', सगळ्यावर बंधनं. त्यामुळे एका पिढीने पडद्यावर, रेडिओवर आणि कागदावर सोवळेच उद्गार ऐकले. चित्रकथांनी त्यात भर घातली. १९२४पासून 'लिटल ऑर्फन ॲनी' 'लीपिंग लिझर्ड्स' म्हणत होती. म्हणजे उड्या मारणाऱ्या पाली, अर्थ शोधू नका. चार्ली ब्राउनची 'पीनट्स' २ ऑक्टोबर १९५०ला सात वर्तमानपत्रांत सुरू झाली आणि 'गुड ग्रीफ' घरोघरी पोचला.

'होली काउ'चं खरं घर बेसबॉलचं समालोचन. शिकागोचे हॅरी कॅरी आणि न्यूयॉर्कचे फिल रिझुटो, दोघेही हे म्हणण्यासाठी प्रसिद्ध. तोंडातून चुकून भलतं काही निघू नये म्हणून आपण हा शब्द जिभेला लावून घेतला, असं कॅरी सांगायचे. ४ ऑगस्ट १९८५ला यँकी स्टेडियमवर रिझुटो यांच्या सन्मानाचा दिवस होता. डोक्यावर तेजोवलय लावलेली खरी गाय मैदानात आणली, आणि त्या गायीने सत्कारमूर्तींनाच खाली पाडलं. आपल्याकडे बैलपोळ्याला होतं तसंच साधारण. तर हा शब्द वाचून आपल्या धर्माची टिंगल झाली असं वाटून घेऊ नका. गाईला पूज्य मानणाऱ्या देशाची धूसर ऐकीव माहिती त्यामागे असेलही, पण म्हणणाऱ्याच्या मनात त्या क्षणी आपण नसतो.

सापळा: 'होली काउ' आणि 'सेक्रेड काउ' वेगळे. दुसरा उद्गार नाहीच. ज्यावर टीका करायची सोय नाही अशा गोष्टीला किंवा माणसाला 'सेक्रेड काउ' म्हणतात. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत तर मालकाच्या मर्जीतल्या विषयाला हा खास शब्द आहे.

३. प्रांत ओळखा

अमेरिकेतले उद्गारही आपल्यासारखेच गावागणिक बदलतात. 'उफ दा' दिसलं की मिनेसोटाकडची नॉर्वेजियन घरं डोळ्यांसमोर आणा. थकलो बाबा, नको रे बाबा, असं सगळं त्यात मावतं. मिडवेस्टात, म्हणजे देशाच्या मध्य-उत्तर भागात, माणूस दारात दुसऱ्याला धडकला की 'ओप' म्हणतो. हे आपण म्हणतो हे तिथल्या लोकांनाही कोणी दाखवून दिल्यावर कळतं. न्यूयॉर्कात यिडिश या ज्यूंच्या भाषेतला 'ओय वे', म्हणजे 'हाय रे देवा', सगळ्यांचाच झालाय. ब्रुकलिनमधून विल्यम्सबर्ग पुलाकडे निघालात तर 'लीव्हिंग ब्रुकलिन, ओय वे!' असा सरकारी फलकच लागतो.

दक्षिणेकडचं 'ब्लेस हर हार्ट' मात्र जपून. शब्दशः आशीर्वाद आहे, आणि कधीकधी खरंच माया असते. पण छापील मजकुरात ते बहुतेकदा टीकेच्या आधी किंवा नंतर लावलेलं लोणी असतं. 'बिचारी भोळी आहे हो' असं आपल्याकडची एखादी काकू ज्या सुरात म्हणते, तो सूर.

४. वय बघा आणि विरामचिन्ह बघा

१९२५च्या बातमीतला 'गॉली' आणि आजच्या स्तंभातला 'गॉली' हे दोन वेगळे शब्द समजा. पहिला खरं आश्चर्य दाखवतो. दुसरा जवळजवळ नेहमी नक्कल असतो. आज खरोखर चकित झालेला अमेरिकी माणूस 'वाव' किंवा 'ओ माय गॉड' म्हणतो. छापलेला 'गॉली' दिसला तर लेखक आजोबांचा कोट घालून उभा आहे असं समजा. 'ड्रॅट', 'इगॅड' हे तर बोलण्यातून कधीच गेले, पण शब्दकोड्यांत तग धरून आहेत. छोटे आणि सोयीची अक्षरं असलेले शब्द कोडं रचणाऱ्याला लागतातच.

माझ्या वहीतला सगळ्यात उपयोगी नियम विरामचिन्हाचा आहे. उद्गारापुढे उद्गारचिन्ह असेल तर उत्साह, खरा किंवा मथळ्यापुरता. स्वल्पविराम असेल तर लेखक गप्पांच्या सुरात आलाय. आणि पूर्णविराम असेल, म्हणजे 'याइक्स' आणि टिंब, 'वेल, गॉली जी' आणि टिंब, तर सावध व्हा. कोरड्या चेहऱ्याने मारलेला टोमणा आहे तो. 'जी, थँक्स' म्हणजे आभार नाहीत, 'वा, फार उपकार झाले' आहे.

५. उद्गाराचं विशेषण झालं असेल तर वेगळं वाचा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मासिकं वाचताना हीच सगळ्यात जास्त लागते. अमेरिकी लेखक उद्गाराला जोडरेषा देऊन विशेषण करतात. 'ऑ-शक्स' हास्य, 'गॉली-जी' निरागसता, 'जी-व्हिझ' यंत्र.

'ऑ-शक्स' म्हणजे कौतुक केल्यावर मान खाली घालून 'अहो, त्यात काय एवढं' म्हणणारा. व्यक्तिचित्रात हे विशेषण खेळाडू, अंतराळवीर, नट यांना लागतं. गॅरी कूपर, जिमी स्टुअर्ट या जुन्या नटांबद्दल वाचाल तर हमखास भेटेल. पण उद्योगपती किंवा राजकारणी यांना लावलं तर ओळी दोनदा वाचा. पुढच्याच परिच्छेदात 'या साधेपणाच्या आड' असं काहीतरी येतं.

'जी-व्हिझ'ची कथा खास वर्तमानपत्री आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या क्रीडा पत्रकारांत दोन पंथ होते. एकाचं नाव 'जी व्हिझ', दुसऱ्याचं 'ऑ नट्स'. पहिल्यात ग्रँटलंड राइस. खेळाडू म्हणजे देव, सामना म्हणजे महाकाव्य. ऑक्टोबर १९२४मध्ये नोटरडॅम विद्यापीठाच्या चार फुटबॉलपटूंना त्याने बायबलातल्या प्रलयाच्या चार घोडेस्वारांची उपमा दिली आणि ती त्यांना कायमची चिकटली. दुसऱ्या पंथात डब्ल्यू. ओ. मॅकगीहन, वेस्टब्रुक पेग्लर. यांना सगळ्यात लबाडी दिसायची. एकेका उद्गारात एकेका पंथाचा सगळा स्वभाव आला. आपल्याकडे क्रिकेटवर लिहिणाऱ्यांचेही असे 'अहाहा' पंथ आणि 'हॅ' पंथ पाडता येतील, पण तो वेगळा विषय.

पुढे हा शब्द पत्रकारितेबाहेर गेला. डॅरेल हफने १९५४मध्ये आकडेवारीतल्या लबाडीवर लिहिलं, त्यात 'जी-व्हिझ आलेख' आहे. आलेखाचा खालचा भाग कापायचा, म्हणजे दोन टक्क्यांची वाढ कड्यासारखी दिसते. आज विज्ञानविषयक लेखाला 'जी-व्हिझ' म्हटलं तर ती तक्रार असते: नुसतं डोळे विस्फारणं, प्रश्न एकही नाही.

६. राजकारणात आलं तर खिसा पाकीट सांभाळा

साध्या माणसाच्या बोलीत राजकारण लिहिण्याची परंपरा तिथे फार जुनी. १८३०मध्ये मेन राज्यातल्या पोर्टलंडच्या एका वर्तमानपत्रात सीबा स्मिथने जॅक डाउनिंग नावाचा खेडवळ पत्रलेखक निर्माण केला. पुढे चार्ल्स ब्राउनने आर्टेमस वॉर्ड आणला. गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा मंत्रिमंडळापुढे ठेवण्याआधी लिंकनने वॉर्डचं एक प्रकरण वाचून दाखवलं होतं. १८९३पासून शिकागोत फिनली पीटर डनचा आयरिश गुत्तेवाला मिस्टर डूली बोलू लागला. 'ओके' हा शब्दसुद्धा याच चेष्टेखोर जगातला. २३ मार्च १८३९च्या 'बोस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये 'ऑल करेक्ट'चं मुद्दाम चुकवलेलं 'ओल करेक्ट' करून त्याची आद्याक्षरं छापली होती.

आजचे राजकारणी हा सूर स्वतःच लावतात. सेरा पेलिन यांनी २ ऑक्टोबर २००८च्या उपाध्यक्षपदाच्या वादचर्चेत 'डॉगॉन इट' म्हटलं आणि 'से इट एन्ट सो, जो' (हे खोटं आहे असं म्हण ना, जो) हेही. दुसऱ्याला इतिहास आहे. पैसे घेऊन सामने हरण्याच्या १९१९च्या बेसबॉल घोटाळ्यातल्या जो जॅक्सन या खेळाडूला एका पोराने कोर्टाबाहेर रडवेल्या सुरात असं विचारलं, अशी वर्तमानपत्री आख्यायिका आहे. असं काही घडलंच नाही, हे जॅक्सन पुढे सांगत राहिला. समोरचा उमेदवारही जोच, म्हणजे बायडेन, तेव्हा बाण बरोबर बसला. बायडेन यांचा स्वतःचा ठेवणीतला शब्द 'मलार्की', म्हणजे भंपकपणा. २०१९मध्ये आयोवात त्यांच्या प्रचाराच्या बसवरच तो रंगवला होता.

८ जून २०१७ला 'एफबीआय'च्या प्रमुखपदावरून काढलेले जेम्स कोमी यांनी सिनेटच्या समितीपुढे, अध्यक्ष ट्रम्प यांच्याशी झालेल्या बोलण्याच्या टेप्स असतील अशी आशा 'लॉर्डी' म्हणून व्यक्त केली. एवढ्या गंभीर साक्षीत आजीबाईंचा शब्द, म्हणून वर्तमानपत्रांनी तो लगेच उचलला.

आणि माझा वैरी, 'हेकुवा जॉब'. कतरिना वादळानंतर २ सप्टेंबर २००५ला अध्यक्ष बुश यांनी आपत्ती व्यवस्थापनाचे प्रमुख मायकल ब्राउन यांची पाठ थोपटली. ब्राउनी, तू जोरात काम करतोयस, अशा अर्थाचं. न्यू ऑर्लीन्स तेव्हा पाण्याखाली होतं. दहा दिवसांत ब्राउन यांनी राजीनामा दिला. त्यानंतर छापील मजकुरात 'हेकुवा जॉब' सरळ अर्थाने फार कमी वेळा येतो. मला हे ठाऊक नव्हतं आणि कोशात ते लिहिलेलं नसतं. म्हणून नियम: उद्गार एखाद्या प्रसिद्ध माणसाच्या तोंडून गेलाय का, हे जुन्या बातम्यांत एकदा शोधायचंच.

७. संपादकाची कात्री लक्षात ठेवा

आपण वाचतो तो उद्गार गाळणीतून आलेला असतो. टेक्सासच्या पत्रकार मॉली आयव्हिन्स १९७६ ते १९८२ न्यूयॉर्क टाइम्समध्ये होत्या. आपण कोणाच्या ढेरीबद्दल गावरान थाटात लिहिलं की छापताना त्याचं 'पुढे आलेलं उदर' व्हायचं, असं त्या सांगायच्या. टेक्सासमध्ये परतल्यावर मात्र त्याच भाषेने त्यांना नाव दिलं. याउलट एस्क्वायर मासिकाने मार्च १९६५मध्ये टॉम वुल्फचा ज्युनियर जॉन्सन या नॉर्थ कॅरोलिनाच्या मोटारशर्यतपटूवरचा लेख छापला, त्याच्या शीर्षकाच्या शेवटी नुसतं 'येस!' होतं. मासिकाला मोकळीक जास्त, दैनिकाला कमी. एकाच लेखकाचा एकच शब्द दोन ठिकाणी वेगळं वजन घेतो.

जुन्या अंकांत शिरलात तर आणखी एक गोष्ट खटकेल, आणि खटकायलाच हवी. एकोणिसाव्या शतकातल्या वर्तमानपत्रांत कृष्णवर्णीय आणि आयरिश पात्रांची बोली मोडक्यातोडक्या स्पेलिंगमध्ये, हसण्यासाठी लिहिलेली असते आणि त्यात 'गॉली'सारखे उद्गार पेरलेले असतात. तिथे उद्गाराचा गोडवा दिसतो त्याहून वेगळ्या हेतूने आलेला असतो.

८. आता मराठीत आणा

पहिला मोह होतो तो ग्रामीण मराठी वापरण्याचा. 'लॉर्डी' म्हणणाऱ्या साक्षीदाराला 'आरं तिच्या मायला' म्हणायला लावायचं. कृपा करून नको. एक तर आपली ग्रामीण बोली छापात आली की तिच्याबरोबर जात, जिल्हा आणि आपल्या विनोदी नाटकांनी बनवलेला गावंढळ नोकर असं सगळं येतं. दुसरं म्हणजे सुरुवातीला म्हटलं तसं, त्यांचा साधा माणूस सोवळा आहे. त्याला जवळची मराठी कोल्हापूरच्या तालमीत मिळणार नाही. ती आजी-आजोबांच्या माजघरात सापडेल.

माझ्या वहीतल्या काही जोड्या देतो. 'गॉश' बाईंच्या तोंडी असेल तर 'अगंबाई', बाप्याच्या तोंडी 'अरेच्चा'. 'गुड ग्रीफ' म्हणजे 'कपाळ माझं!' 'लॉर्डी'ला 'देवा रे'. 'टार्नेशन' वेस्टर्न सिनेमातला म्हातारा म्हणतो, त्याला 'हात्तिच्या' छान बसतो. 'यू बेचा'ला 'हो तर!' किंवा 'मग!' 'डार्न' विशेषण म्हणून आला, म्हणजे 'ती डार्न गाडी', तर आपल्या आज्यांचं 'मेलं' काढा: ही मेली गाडी सुरूच होत नाही. याहून नेमकी जोडी मला कुठे सापडलेली नाही.

काही तसेच ठेवा. 'ओय वे', 'उफ दा' यांच्यात एक अख्खा समाज आहे, त्यांना मराठी नेसवू नका. मागेपुढे अर्ध्या वाक्यात सुगावा द्या, वाचक हुशार असतो. 'होली काउ' कोटी म्हणून आला असेल तर कोटी सोडून द्या आणि मराठीत दुधावर वेगळी कोटी सुचते का बघा. सुचली नाही तर सरळ मथळा द्या. ओढूनताणून आणलेली कोटी नासलेल्या दुधासारखी, लगेच वास येतो.

जोडी मिळाली की वाक्य मोठ्याने वाचा. मी बायकोला वाचून दाखवतो. ती हसली नाही किंवा "असं कोण बोलतं?" म्हणाली, तर शब्द परत वहीत.

आणि कधीकधी उद्गार पूर्ण गाळून त्याचं काम दुसऱ्या एखाद्या वाक्प्रचाराकडे द्यावं लागतं. बर्फाचा तो लेख आज हातात आला तर 'हेकुवा'च्या जागी मी उद्गार शोधतच बसणार नाही. लिहीन, 'नगरपालिकेने चांगलेच दिवे लावले.'